फुकटची संपादकी: घ्यावी, पण कुठली?

फोंड्याजवळच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, मी इंग्रजीत एम.ए. केलं, सेट झाले आणि एका महाविद्यालयात लेक्चर बेसिसवर शिकवते. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे. विषय: तियात्रातली (गोव्याच्या कोकणी संगीतनाटकातली) कांतारां, म्हणजे गाणी, आणि कॅसेटचा काळ. लोकप्रिय संगीताच्या एका आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेला स्वयंसेवक संपादक हवे आहेत. कॉपी एडिटर, पुस्तक-परीक्षण विभागाचा संपादक, सोशल मीडिया बघणारा आणि एक सहसंपादक, अशी चार पदं आहेत. मुदत तीन वर्षं, मानधन नाही. माझं इंग्रजी काही तिकडच्या लोकांसारखं नाही, त्यामुळे सोशल मीडियाचं काम तेवढं जमेल असं वाटतं. गाइड म्हणतात, 'घेऊन टाक, आपले पेपर लागायला बरं पडेल.' बाबा म्हणतात, 'फुकटाचें काम करपाक तुका वेळ आसा?' गावच्या जत्रेच्या नाटकाचं सगळं बाबाच बघतात, तरीही! मी काय करावं? — क. ना."

क. ना.,

अर्ज करा. सोशल मीडियासाठी नको आणि सहसंपादकपदासाठी तर मुळीच नको. कॉपी एडिटरच्या, म्हणजे मान्य झालेला लेख छापण्याआधी बारकाईने तपासणाऱ्याच्या, जागेसाठी करा. आणि गाइडच्या मनात जे आहे ते होणार नाही, हे त्यांना अर्जाच्या आधीच सांगून टाका. उत्तर एवढंच आहे; पण तेवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, म्हणून पुढचं लिहितो.

आधी बाबांचं बघू. जत्रेच्या नाटकात दिग्दर्शकाला, पेटी-तबल्याला, पडदे आणि लाइटवाल्याला पैसे मोजावे लागतात. पण जी मुलं महिनाभर तालमीला बसतात, घरोघर वर्गणीला फिरतात, विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करतात, त्यांना कोण काय देतं? उलट पदरचं घालतात. हे बाबांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा त्यांचा राग फुकट कामावर नाही. मुलगी लेक्चर बेसिसवर आहे, प्रबंध पुरा व्हायचा आहे आणि त्यात हे नवीन लचांड, ही त्यांची काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्यांच्याशी पैशांवरून वाद घालू नका. प्रबंध कधी सादर करणार, ती तारीख सांगा.

पैशांचा प्रश्न मात्र तुम्ही स्वतःला विचारायला हवा, आणि तो बाबांच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. जत्रेच्या नाटकातून कुणी नफा कमावत नाही. शोधपत्रिकांतून कमावणारे आहेत. लेख लिहिणाऱ्याला पैसे नाहीत, लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाला नाहीत, संपादकालाही बहुधा नाहीतच. आणि मग हाच माल मोठे खाजगी प्रकाशक ग्रंथालयांना वर्गणी लावून विकतात किंवा छापण्याबद्दल लेखकाकडूनच फी घेतात. आपल्या केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी देशभरातल्या सरकारी संस्थांना अशा नियतकालिकांची दारं उघडून द्यायला ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. मजकूर फुकट तयार होतो आणि वाचायला एवढे पैसे पडतात. संपादकांनाही हे खटकलेलं आहे. भाषाशास्त्रातल्या 'लिंग्वा'चं संपादक मंडळ २०१५ मध्ये एल्सेव्हियर सोडून बाहेर पडलं आणि त्यांनी 'ग्लोसा' नावाची खुली, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणारी, पत्रिका काढली. २०२३ मध्ये 'न्यूरोइमेज'च्या संपादकांनी त्याच प्रकाशकाच्या बाबतीत तेच केलं.

तुमच्या विषयात चित्र संमिश्र आहे. या अभ्यासशाखेचं वयच मुळात लहान. 'पॉप्युलर म्युझिक अँड सोसायटी' १९७१ साली अमेरिकेत सुरू झालं आणि आज ते रूटलेजकडे, म्हणजे टेलर अँड फ्रान्सिसकडे आहे. तो सरळसरळ व्यापारी प्रकाशक. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रेसने 'पॉप्युलर म्युझिक' काढलं १९८१ मध्ये, आणि त्याच वर्षी या विषयाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, जिला सगळे 'आयॅस्पम' म्हणतात. त्या संघटनेची स्वतःची ऑनलाइन पत्रिका आहे, ती कुणालाही मोफत वाचता येते. अमेरिकेतल्या शाखेचं नियतकालिक कॅलिफोर्निया विद्यापीठाची प्रेस काढते. संघटना चालवते ती पत्रिका आणि कंपनी चालवते ती पत्रिका यांत तुमच्यासारख्या स्वयंसेवकाने फरक करायला हवा. संघटनेच्या पत्रिकेत कुणालाच पैसे मिळत नसतील तर तुम्हालाही नसायला हरकत नाही. कंपनीच्या पत्रिकेत मुख्य संपादकाला मानधन, टाइपसेटरला पगार आणि कॉपी एडिटर तेवढा स्वयंसेवक असं दिसलं, तर तिथून नमस्कार करून परत या. तुम्ही पत्रिकेचं नाव लिहिलेलं नाही, ते बरं केलंत. पण हा शोध तुम्हीच घ्या. वाचकाकडून पैसे घेतात का, लेखकाकडून घेतात का, हे दोनच प्रश्न. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर त्याला हल्ली 'डायमंड ओपन ॲक्सेस' म्हणतात, आणि अशा ठिकाणी दिलेला वेळ कुणाच्या नफ्यात जात नाही.

बनावट पत्रिकांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको, कुठल्याही प्राध्यापकाच्या मेलबॉक्समध्ये रोज एक 'आमच्या संपादक मंडळात या' असं निमंत्रण येऊन पडतं. पूर्वी यूजीसीची मान्य शोधपत्रिकांची 'केअर' यादी बघून निदान काही अंदाज यायचा. ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता पारख ज्याची त्याने करायची. 'डीओएजे' या खुल्या पत्रिकांच्या सूचीत नाव आहे का ते बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकून तो उघडतो का बघा. अंक वेळेवर निघालेत का बघा. आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे तुम्ही ज्या जागेसाठी अर्ज करताय त्या जागेवर आधी कोण होतं ते जुन्या अंकातून शोधून त्या व्यक्तीला चार ओळींचं ईमेल करा: काम किती होतं, शिकायला काय मिळालं, मध्येच सोडता आलं का. लोक अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरं देतात. न दिलं तर तेही काही सांगून जातं.

आता पदांकडे येतो.

सोशल मीडियाचं काम सोपं म्हणून घेऊ नका. लेख पूर्ण होऊन, छापून झाल्यावर त्याची बातमी तुमच्याकडे येणार. आत काय घडलं, तो लेख कसा होता आणि कसा झाला, यातलं काही तुमच्या हाती लागणार नाही. तीन वर्षांनी तुमच्याकडे पोस्टांची एक रांग असेल. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

सहसंपादकाला लेख स्वीकारायचे असतात आणि परत करायचे असतात. ज्यांचा लेख तुम्ही परत कराल ते उद्या तुमच्या प्रबंधाचे परीक्षक असू शकतात, किंवा मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेले असू शकतात. पीएच.डी. हातात नसताना ही खुर्ची घेऊ नये. देणाऱ्यांनीही देऊ नये खरं तर, पण माणसं मिळत नाहीत तेव्हा देतात.

पुस्तक-परीक्षणांचं काम मोहाचं आहे. प्रकाशकांकडून पुस्तकं मागवायची, योग्य परीक्षक शोधायचा, त्याच्याकडून वेळेत लिहून घ्यायचं. यातलं शेवटचं क्रियापद फार फसवं आहे. परीक्षक पुस्तक घेतो आणि अंतर्धान पावतो. मग आठवण, पुन्हा आठवण, मग आजारपण, मग 'पुढच्या आठवड्यात नक्की', आणि पुस्तक जुनं होऊन जातं. स्वभावाने चिवट आणि गोड बोलणारा माणूस यासाठी हवा. तुम्ही तशा असाल तर प्रबंध झाल्यावर ही जागा जरूर मागा, कारण गोव्यातून बसून हे काम करणाऱ्याला एक मोठं मैदान मोकळं आहे. तियात्रावर, मांडो या गाण्याच्या प्रकारावर, घुमट या वाद्यावर, मुंबईत गेलेल्या गोंयकार वादकांवर इथे कोकणीत, मराठीत, पोर्तुगीजमध्ये जे लिहिलं जातं त्याची बाहेरच्या अभ्यासकांना खबरही नसते. एखाद्या कोकणी पुस्तकाचं इंग्रजीत परीक्षण छापून आणणं एवढं जरी वर्षातून एकदा केलंत तरी ते नाव काढण्यासारखं काम होईल. पण आत्ता नको.

आत्ता कॉपी एडिटिंग. का, ते एका उदाहरणावरून बघू. समजा, मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतल्या गोंयकार वादकांवर ८,००० शब्दांचा लेख तुमच्याकडे आला. तज्ज्ञांनी तो वाचून मान्य केलेला आहे. लेखक युरोपातला, अभ्यासू. तुम्ही वाचायला घेता. पहिल्या पानावर 'मांडो' रोमी लिपीत, म्हणजे रोमन अक्षरांत, एका डीने लिहिलाय, चौथ्या पानावर दोन डींनी, आणि संदर्भसूचीतल्या एका पुस्तकाच्या नावात पुन्हा एका डीने. लेखाच्या अंगात कुठलंतरी एक रूप ठरवायचं आणि सगळीकडे तेच ठेवायचं. पुस्तकाच्या नावाला मात्र हात लावायचा नाही, ते छापलंय तसंच राहणार. पुढे एका वादकाचं आडनाव फर्नांडिस, शेवटी एस. दोन पानांनी तोच माणूस झेडने. लेखकाच्या कॉम्प्युटरने आपल्या मनाने 'दुरुस्त' केलंय. लंडनमध्ये बसलेल्या कॉपी एडिटरला हे दिसलं तर तो कदाचित झेडच कायम करेल, कारण स्पेनमध्ये ते तसं लिहितात. मडगावच्या बाजारात रोज ते आडनाव पाट्यांवर वाचणारी तुम्ही मात्र चटकन थांबाल. मग कांताराच्या चार ओळी येतात. जुन्या रोमी छपाईत अनुनासिकासाठी अक्षरावर जी लाट काढलेली असते, ती फाइल एकातून दुसऱ्यात जाताना उडालेली आहे आणि तिच्या जागी प्रश्नचिन्ह बसलंय. ती नीट बसवायची तर कोकणी कानाला ऐकू यायला हवी.

अजून पुढे. मजकुरात एका संदर्भाचं साल १९९८, सूचीत १९८९. कुठलं खरं, हे तुम्ही ठरवायचं नाही. समासात लेखकाला विचारायचं. लेखक म्हणतो, गाण्यात दोन मिनिटं चौदा सेकंदांवर क्लॅरिनेट येतो. तुम्ही रेकॉर्डिंग लावता, तर तो येतो दोन एकेचाळीसला. आकडे उलटे पडलेत. लेखक नुसतंच 'एक जुनी तबकडी' म्हणून सोडून देतो; तुम्ही विचारता, कंपनी कोणती, तबकडीवरचा क्रमांक कोणता? ७८ आरपीएमच्या लेबलावर साल बहुतेकदा नसतंच, त्यामुळे क्रमांकाशिवाय त्या तबकडीचा काळ शोधायला पुढच्या अभ्यासकाला काही धागा राहत नाही. तुमच्या कॅसेटच्या कव्हरांवरही सालाची तीच बोंब असणार. म्हणजे लेखकाला विचारायचा हा प्रश्न तुम्ही आपल्याच प्रबंधासाठी शिकताय. आणि त्या चार ओळींचं काय? १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात समीक्षा आणि संशोधनासाठी योग्य प्रमाणात उद्धृत करायला कलम ५२ मध्ये मुभा आहे, पण गाण्याच्या शब्दांवर कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि परदेशी प्रकाशक गाण्याच्या ओळींच्या बाबतीत विलक्षण भित्रे असतात. म्हणून 'परवानगी घेतलीय का?' हा प्रश्न कॉपी एडिटरने लेखकाला विचारून ठेवायचा असतो. ठरवायचं ते संपादक ठरवतील.

या सगळ्यात तिकडच्या लोकांसारखं इंग्रजी कुठे लागलं सांगा? लागली ती नजर, आणि शंका आली की विचारण्याची सवय. अलंकारिक इंग्रजी कॉपी एडिटरकडे असूच नये; असलं तर तो लेखकाच्या वाक्यात आपली वाक्यं घुसवतो. पत्रिकेची स्वतःची शैलीपुस्तिका असते, ती पाठ करा. ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन, स्वल्पविराम कुठे, साल कंसात की बाहेर, गाण्याचं नाव अवतरणात आणि अल्बमचं तिरप्या अक्षरात, हे सगळं तिथे असतं. तिथे जे सापडणार नाही त्यासाठी 'शिकागो मॅन्युअल' हे संपादनाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक. त्याची अठरावी आवृत्ती २०२४ मध्ये आली, पण जुनी मिळाली तरी भागतं. दुसरं असं की या पत्रिकांत लिहिणारे पुष्कळ लोक तुमच्यासारखेच दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेले असतात. ब्राझीलचा, कोरियाचा, पोलंडचा लेखक कुठे अडखळला असेल हे ज्याला स्वतः अडखळायची सवय आहे त्याला आधी कळतं.

एक धोक्याची सूचना. आलेला लेख चॅटजीपीटीत टाकून 'नीट करून दे' म्हणायचा मोह होईल. तो लेख अजून छापलेला नाही, तो तुमच्याकडे विश्वासाने दिलेला आहे, आणि असली यंत्रं फर्नांडिसचा फर्नांडेझ करण्यात पटाईत असतात. पत्रिकेचा याबाबतचा नियम विचारून घ्या आणि तो पाळा.

आता तुमच्या गाइडचं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. 'आपले पेपर लागायला बरं पडेल.' त्यांनी ते सहज म्हटलं असेल, आपल्याकडे असं सहजच म्हणतात. पण चांगल्या पत्रिकेत लेख लेखकाचं नाव झाकून तज्ज्ञांकडे पाठवतात आणि तज्ज्ञांची नावं लेखकापासून झाकतात. कॉपी एडिटरकडे लेख येतो तो हे सगळं आटोपल्यावर, त्यामुळे 'लावण्याची' सोय तुमच्याकडे असणारच नाही. तरीही तुम्हाला संपादकीय यंत्रणेत लॉगिन मिळेल, बैठकीत बसायला मिळेल, कोणाचा लेख कुठे अडकलाय हे कानावर येईल. आणि मग फोन येईल, 'अगं, जरा बघ ना, कुणाकडे गेलाय आमचा पेपर?' त्या फोनला काय उत्तर द्यायचं हे आजच ठरवायला हवं, त्या दिवशी नाही. प्रकाशनातल्या सचोटीसाठी 'कोप' नावाची संस्था आहे, तिची मार्गदर्शक तत्त्वं बहुतेक चांगल्या पत्रिका मानतात. ज्या लेखाशी आपला संबंध आहे त्या लेखापासून दूर राहायचं आणि तो संबंध आधीच कळवायचा, हे त्यात स्पष्ट आहे.

गोव्यात हे आणखी अवघड आहे. तियात्रावर लिहिणारी माणसं मोजकी. नाव झाकलेलं असलं तरी दुसऱ्या परिच्छेदात तज्ज्ञाला कळेल हा लेख कोणाचा, आणि लेखकालाही कळेल की समासातले कोकणीबद्दलचे प्रश्न कोणी विचारले. कुणीतरी कुणाचा तरी विद्यार्थी, कुणीतरी कुणाचा व्याही. म्हणून गाइडचा, तुमचा स्वतःचा आणि तुमच्या विभागातला एकही लेख तुमच्या हातून जाणार नाही, असं अर्जातच लिहून टाका. गाइडना सांगताना कायद्याची भाषा नको. 'सर, तुमच्या पेपरवर कुणी बोट ठेवायला नको, म्हणून मी त्यात नसलेली बरी,' एवढं म्हणा. समंजस असतील तर त्यांना त्यात स्वतःचं भलं दिसेल. रागावले, तर तो राग आज झालेला बरा. प्रबंध सही होण्याच्या आदल्या आठवड्यात नको.

वेळेचा हिशेब. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं. तुमचं तिसरं चालू आहे आणि पत्रिकेची मुदत तीन वर्षांची. म्हणजे आज 'हो' म्हणालात तर ही जबाबदारी नेमकी तुमच्या सहाव्या वर्षापर्यंत मानेवर बसणार. शेवटचं वर्ष तर प्रबंधासाठीच मोकळं हवं. तेव्हा त्यांना सांगा, मी एक वर्षासाठी येते, दोघांनाही पटलं तर पुढे वाढवू. स्वयंसेवक मागणाऱ्याला हे ऐकून घ्यावं लागतं. शिवाय विचारा, वर्षाला अंक किती, माझ्या वाट्याला लेख किती, फाइल आल्यापासून मुदत किती दिवसांची. तासाला हजार शब्द हा मुरलेल्या माणसाचा वेग झाला. तुम्ही सुरुवातीला त्याच्या निम्म्याने जाल असं धरा. म्हणजे ८,००० शब्दांच्या एका लेखाला सोळा तास, आणि लेखकाशी होणारी पत्रापत्री वेगळी. सहा महिन्यांत दोन लेख असतील तर आनंदाने करा. सहा असतील तर लेक्चर बेसिसवरच्या माणसाला ते झेपणार नाही, कारण तुम्हाला तासाचे पैसे मिळतात आणि पेपर तपासणीचे गठ्ठे कुणी मागे ठेवत नाही.

बैठका बहुधा ऑनलाइन आणि युरोपच्या सोयीने. लंडनचे दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, थंडीत साडेनऊ. जुलैत लाइट गेली की काय करणार, तेही बघून ठेवा. आणि चतुर्थीच्या दिवसांत मी मिळणार नाही, असं आधीच कळवा. ते नाताळात दोन आठवडे गायब असतात, तेव्हा त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

नोकरीला याचा उपयोग होईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बाबा विचारतील. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत शोधनिबंधाला, पुस्तकाला, पुस्तकाच्या संपादनालाही गुण आहेत; नियतकालिकाच्या संपादनाला वेगळा रकाना नाही. तेव्हा 'याचे गुण मिळतात' असं घरी सांगू नका. मिळेल ते असं: पत्रिकेच्या पानावर नाव, मुख्य संपादकाचं पत्र, आणि गोव्याबाहेरची पाच-सहा माणसं ज्यांना तुमचं काम प्रत्यक्ष माहीत आहे. शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा एकट्या गाइडवर अवलंबून असणं काय असतं, हे तुम्ही आजूबाजूला पाहिलंच असेल.

अर्ज एका पानाचा असू द्या. 'लहानपणापासून संगीताची आवड' वगैरे नको, ते प्रत्येकाला असतं. मराठी, देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांतली कोकणी आणि इंग्रजी वाचते, पोर्तुगीज येत असेल तर किती येतं ते, हे पहिल्या परिच्छेदात घ्या. दक्षिण आशियावरचा लेख आला की या पत्रिकांत तो तपासायला माणूस सापडत नाही, आणि तो माणूस तुम्ही आहात. सोबत तुमच्याच प्रबंधातली दोन पानं जोडा: डावीकडे मूळ, उजवीकडे तुम्ही ट्रॅक चेंजेस लावून तपासलेली, समासात प्रश्न लिहिलेली. त्यात एखादी कॅसेट, एखादं कांतार आणि निदान एक आडनाव असू द्या. प्रमाणपत्रांपेक्षा ही दोन पानं संपादकाला जास्त सांगतील. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. हे लोकही रात्री जेवण आटोपून फुकटात काम करणारेच असतात. चाचणी म्हणून एखादा लेख तपासायला देतील, तो घ्या. लागोपाठ तीन 'चाचण्या' देऊ लागले तर मात्र त्यांचा अंक तुमच्याकडूनच काढून घेण्याचा बेत आहे असं समजा, आणि 'पद द्या, मग पुढचा लेख' असं सरळ लिहा.